हळदीच्या कारखान्याचे धाकटे शेठ

माझे वडील ज्या कारखान्यात हळद पॉलिश करायचे, त्या कारखान्याच्या वारसानं मला नर्स केलं. वारंगा फाट्यावर त्यांनी उभारलेल्या दवाखान्यात मी अठरा वर्षं नोकरी करते आहे. गेल्या वर्षी ते वारले. त्यांच्याविषयी दोन शब्द बोला म्हणून मला तीन ठिकाणांहून बोलावणं आलं. मी एकाही ठिकाणी गेले नाही. हार घातलेल्या फोटोशेजारी उभं राहून जे बोलावं लागतं, ते माझ्या तोंडून निघालं नसतं.

आमचं गाव कुरुंद्याच्या पलीकडं. दोन एकर कोरडवाहू. त्यावर वर्ष निघायचं नाही, म्हणून आबा दिवाळीनंतर रब्बीचं थोडं मार्गी लावायचे आणि हिंगोलीला जायचे, ते पाऊस लागेपर्यंत. कारखाना मोठ्या शेठांचा. हळदीत मुरलेलं घराणं. बाजारात आडत, गावाबाहेर गोदामं, दूरदूरच्या शहरांत जाणारा माल. आबांचं काम ढोलावर. वाळलेली हळकुंडं लोखंडी ढोलात घालायची आणि ढोल फिरवायचा. हळकुंडं एकमेकांवर घासली की वरची खरबरीत साल निघते आणि आतला रंग उजळतो. त्या सालीची धूळ होते. पत्र्याच्या त्या शेडला खिडक्या होत्या, पण वाऱ्यानं माल उडतो म्हणून त्या कायम लावलेल्या असायच्या.

आबा पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचे. कानाच्या पाळीमागं, नखांत, पापण्यांच्या मुळाशी पिवळं. माय त्यांच्या अंघोळीला दोन घागरी पाणी जास्त काढायची, तरी टॉवेल पिवळा व्हायचा. अगदी लहान असताना मला वाटायचं, बाप म्हणजे असाच असतो. शाळेत गेल्यावर कळलं की इतरांचे बाप पिवळे नसतात. एका मुलीनं माझं ‘नवरदेवाची पोरगी’ असं नाव पाडलं होतं. मी घरी येऊन रडले, आणि आबा इतके हसले की त्यांना खोकला लागला. तो बराच वेळ थांबला नाही.

हा खोकला माझ्या आठवणीआधीपासून होता. वाढला तेव्हा माय मागं लागली म्हणून आबा मोठ्या शेठांकडं गेले आणि म्हणाले, ढोलावरून काढून गोदामात लावा. मोठे शेठ वाईट माणूस नव्हते. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात त्यांनी न मागता साखरेचं पोतं पाठवलं होतं. त्यांनी आबांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “बिडी सोड. महिन्याभरात बरं वाटंल.” आबांनी जन्मात बिडी ओढली नव्हती. पण मालकाच्या तोंडावर ‘तुमी चुकता’ असं कसं म्हणायचं? ते “व्हय” म्हणाले आणि परत ढोलावर गेले.

मी आठवीत असताना ते ढोलापाशीच खाली बसले, ते पुन्हा त्या कामाला उभे राहिले नाहीत. दोघांनी धरून त्यांना एस.टी.त बसवून आणलं. त्यांच्या जागी माझा चुलता लागला. पुढची दोन वर्षं आबा ओसरीवरच्या खाटेवर होते. आडवं झालं की दम कोंडायचा, म्हणून भिंतीला टेकून बसून झोपायचे.

धाकटे शेठ आमच्या घरी पहिल्यांदा आले ते त्या दुसऱ्या वर्षी. मोठ्या शेठांचा हा एकुलता एक मुलगा. पुण्याला शिकला, मग काही वर्षं परदेशात होता. तिकडंच राहील असं लोक म्हणायचे. पण मोठे शेठ एक दिवस झोपेतच गेले आणि पस्तिशीतला हा माणूस कारखाना, आडत, गोदामं सगळ्यांचा मालक होऊन हिंगोलीत आला. कारखान्याला पन्नास वर्षं होत होती. त्यानिमित्त जुन्या कामगारांना शाल-नारळ द्यायचा त्यांनी ठरवलं, आणि निमंत्रण मुनीमामार्फत न पाठवता ते स्वतः गावोगाव निघाले. ती त्यांची हौस होती, असं पुढं त्यांनीच मला सांगितलं. मालक घरी आला म्हणून लोकांना किती आनंद होईल, हे त्यांना बघायचं होतं.

गाडी आमच्या दारात थांबली तेव्हा मी आबांना पाणी पाजत होते. पांढरा शर्ट घातलेला उंच माणूस वाकून ओसरीत आला.

“मामा, सत्काराला यायचं. मी गाडी पाठवतो,” ते म्हणाले.

आबांना एका वाक्यात दोनदा थांबावं लागायचं. “गाडी दारापोतर येईल, शेठ… पर मला दारापोतर जायला… सकाळ जाती.”

धाकटे शेठ उभेच राहिले. मग त्यांनी मायला विचारलं, “मामी, ह्यांना काय झालं?”

“काय व्हायचंय? तुमची हळद झाली,” माय म्हणाली.

ते खाटेच्या कडेला बसले. खिशातून कागद काढला. त्यावर जुन्या कामगारांची नावं होती. ढोलावरच्या माणसांची नावं ते एकेक वाचू लागले आणि हा कुठं असतो, तो कुठं असतो, असं आबांना विचारू लागले. आबा सांगत गेले. ह्यो गेला. ह्योबी गेला. ह्यो पोरीकडं हाय, माझ्यासारखाच खाटंवर हाय. ह्यो गेला. पाच-सहा नावांनंतर शेठांनी वाचायचं थांबवलं आणि कागदाची घडी घातली.

आबांनी त्यांचा हात धरला. मला वाटलं, आता काहीतरी मागतील. ते म्हणाले, “शेठ, मोठ्या मालकांना एक सांगायचं ऱ्हाऊन गेलं. मी बिडी वढली न्हाई… कदीच न्हाई. गावात कुणालाबी पुसा.”

तो सत्कार झाला नाही. शेठांनी आबांना नांदेडला एका मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि आबांना बाहेर बसवून शेठांना सांगितलं की फुप्फुसं आता परत यायची नाहीत. शेठ हिंगोलीला परतले आणि आठ दिवसांत त्यांनी ढोल बंद केले. ऐन हंगामात, बाजारात हळदीच्या रांगा लागलेल्या असताना.

लोक आज हे सांगताना त्यांची थोरवी सांगतात. तेव्हा आमच्या गावात त्यांना शिव्या पडत होत्या. कारखान्याचे शेकडो हात रिकामे झाले. माझा चुलता घरी येऊन बसला. हातपंपावर चुलतीनं मायला ऐकवलं, “तुमच्या खोकल्यापायी आमची चूल इझली.” मायनं दुसऱ्या दिवसापासून लांबच्या विहिरीवरून पाणी आणायला सुरुवात केली.

हे आबांच्या कानावर आलं. त्यांनी मला वही घेऊन बसवलं आणि थांबत थांबत शेठांना पत्र सांगितलं. “लिही. कारखाना चालू करा. खिडक्या उघडा न्हाईतर कायबी करा, पर चालू करा. मान्सं कुठं जातील? माझ्यापायी बंद ठिवू नका, मला ते वझं व्हतंय.” मी लिहिलं, आणि खाली आबांचा अंगठा घेतला.

त्या पत्रावर शेठ दुसऱ्यांदा आले. हंगामात काम गेलेल्यांना घरबसल्या मजुरी पोचवायची व्यवस्था त्यांनी केली आणि ढोलांवर धूळ ओढून घेणारी यंत्रं बसवायला काढली. त्यांच्या चुलत्यांना हे पटलं नाही. धंदा म्हणजे काय धर्मशाळा आहे का, असं विचारून त्यांनी आपला वाटा वेगळा करून घेतला. पुढच्या हंगामात शेड उघडलं तेव्हा खिडक्यांच्या जागी जाळ्या होत्या. ते आबांनी बघितलं नाही. ते पोळ्याच्या आधी गेले.

तिसऱ्या दिवशी शेठ पुन्हा आमच्या दारात उभे राहिले. त्यांनी मायसमोर एक पाकीट ठेवलं. मायनं त्याला हात लावला नाही.

“ह्याचं मी काय करू?” ती म्हणाली. “ही पोरगी धाव्वीला हाय. हिला असं शिकवा, की मान्सू खोकला की हिला कळलं पायजे, ह्यो कशाचा खोकला हाय. आमाला कळलं न्हाई, तुमच्या वडलांना कळलं न्हाई. हिला कळू द्या.”

शेठांनी पाकीट उचललं आणि मान डोलावली. मी कोपऱ्यात बसले होते. मला काय व्हायचंय, हे मला कुणीच विचारलं नाही. पण तेव्हा विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.

पुढं मी नांदेडला नर्सिंगला गेले. फी परस्पर भरली जायची. शेठांच्या पैशावर शिकणाऱ्या आम्ही बऱ्याच मुली होतो आणि प्रत्येकीनं वर्षातून एकदा प्रगतीचं पत्र लिहायचं असा रिवाज होता. बाकीच्या ‘आपले उपकार जन्मभर विसरणार नाही’ असं लिहायच्या. पहिल्या वर्षी मीही तेच लिहिलं. दुसऱ्या वर्षी आम्हाला श्वसनसंस्था शिकवली. फुप्फुसांचं चित्र काढताना माझ्या हातातली पेन्सिल मोडली. त्या रविवारी मी त्यांना लिहिलं, “माझ्या वडिलांना काय झालं होतं ते मला आता कळलं. ते टाळता आलं असतं, हेही कळलं. तुमच्या पैशावर शिकताना मला राग येतो.” पत्र पेटीत टाकलं आणि मग घाबरले. आता शिक्षण सुटणार, मायला काय सांगू?

चार दिवसांनी उत्तर आलं. “राग ठेव. अभ्यासात हयगय करू नकोस.” खाली सही.

माझं शिक्षण संपताना शेठ वारंगा फाट्यावर छातीचा दवाखाना काढत होते. त्यासाठी हिंगोलीतला आपला मोठा बंगला विकून ते जुन्या गोदामाशेजारच्या घरात राहायला गेले होते. दवाखाना हिंगोलीतच काढा असं सगळे म्हणत होते. ते म्हणाले, “दम लागलेला माणूस दोन एस.ट्या बदलत नाही. कळमनुरीचा असो की वसमतचा, फाट्यावर त्याला एकच गाडी लागते.” मला त्यांनी बोलावून विचारलं, “सिस्टर, येता का?” तोवर ते मला ‘पोरी’ म्हणायचे. नंतर कायम ‘सिस्टर’ आणि ‘तुम्ही’.

दवाखान्याला नाव काय द्यायचं यावर बराच वाद झाला. नातेवाइकांना मोठ्या शेठांचं नाव हवं होतं. शेठांच्या मनात आबांचं होतं. ते मायला विचारायला आले.

माय म्हणाली, “आमच्या मान्साचं नगं. तिथं येणारं हरेक मान्सू खोकतच येणार. त्याच्या डोळ्याम्होरं मेलेल्याचं नाव काहून लावता?”

म्हणून आमच्या पाटीवर नुसतं ‘छातीचा दवाखाना’ असं आहे.

ते संत नव्हते. फार तापट होते. जेवणाच्या सुट्टीत रुग्णाला बाहेर ताटकळत ठेवलं म्हणून त्यांनी एका कंपाउंडरला सगळ्यांसमोर असं झापलं की तो मनुष्य पुन्हा कामावर आला नाही. तो चांगला होता आणि त्याच्या घरी आजारपण होतं. मी ते सांगितल्यावर शेठ त्याच्या गावाला गेले, पण तो परतला नाही. रिकाम्या खोलीत पंखा दिसला तर ते आधी बटण बंद करायचे आणि मग ओरडायचे. दवाखान्यात आले की फाट्यावर उभ्या उभ्या खिचडी खायचे, आणि मिरची जास्त झाली की खिचडीच्या गाडीवाल्याशी दरवेळी तेच भांडण करायचे. त्यांची पत्नी, आमच्या शेठाणी, क्वचित दिसायच्या. बंगला विकला तेव्हा त्या आपल्या मुलीला घेऊन वर्षभर माहेरी राहिल्या होत्या, एवढंच आम्हाला माहीत होतं.

माझं आणि त्यांचं एकदा कडाक्याचं भांडण झालं. एप्रिल होता. मी महिन्यातून एकदा कारखान्यात कामगारांची छाती तपासायला जायचे. शेठ ढोलापाशी उभे राहून ओरडत होते. लोकांनी तोंडावरचे मास्क गळ्यात ओढले होते.

“ह्यांच्यासाठी जिवाचं रान करतो आणि ह्यांना साधं एक फडकं तोंडावर ठेवता येत नाही!”

मला राहवलं नाही. मी म्हणाले, “शेठ, पत्र्याखाली, ह्या उन्हात, तुम्ही तो मास्क लावून एक पाळी काम करून दाखवा. मग ओरडा.”

मला वाटलं, गेली नोकरी. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, मास्क लावला आणि पोतं उचललं. पन्नाशी आलेली, पोत्याची सवय नाही. दोन तासांत त्यांचा शर्ट अंगाला चिकटला. तीन तासांनी ते ढोलाला हात लावून उभे राहिले, मास्क खाली ओढला आणि तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागले. मी पाणी नेलं. पाणी पिऊन ते कामगारांकडं वळून एवढंच म्हणाले, “जमत नाही. बरोबर आहे तुमचं.” त्या आठवड्यापासून ढोलावरची पाळी निम्मी झाली, मजुरी तीच राहिली, आणि एप्रिल-मेमध्ये ढोल फक्त सकाळी फिरू लागले. त्यांच्या हाताची कातडी मात्र पंधरा दिवस पिवळी होती. मला तिकडं बघवायचं नाही.

त्यांना पोटाचा कर्करोग झाला. मुंबईला नेलं, शस्त्रक्रिया झाली, काही महिने बरे गेले, मग पुन्हा उलटला. त्यांनी घरीच राहायचं ठरवलं. शेठाणींनी मला फोन केला. “ते म्हणतात, दुसरी नर्स नको.” मी दवाखान्यातून रजा घेतली आणि त्यांच्या घरी जाऊ लागले. त्यांची मुलगी तोवर कारखाना बघायला लागली होती. ती दुपारी घरी जेवायला यायची, बापाजवळ बसून दिवसाचं सांगायची आणि परत जायची.

एका दुपारी मी त्यांची चादर बदलत होते. त्यांनी मला बसायला सांगितलं. आवाज फार बारीक झाला होता.

“तुम्हाला एक सांगायचं आहे. मी तुमच्या घरी आलो त्याच्या खूप आधी, कॉलेजच्या सुट्टीत मी एकदा शेडमध्ये गेलो होतो. विशीत असेन. तुमचे वडील ढोलावर होते. खोकत होते. वाकून, भिंतीला धरून. मी पाहिलं. मी नाकाला रुमाल लावला आणि बाहेर आलो. रुमाल होता माझ्याकडं.” त्यांनी मान माझ्याकडं वळवली. “वडिलांना तेव्हाच सांगितलं असतं, ह्याला दुसरीकडं लावा, तर? तुम्ही ह्यातल्या जाणकार आहात. ते वाचले असते का?”

मरणाऱ्या माणसाशी कसं बोलावं, हे आम्हाला शिकवलेलं असतं. त्याला शांत वाटेल असं बोलावं. मला ती वाक्यं पाठ होती. ‘तसं काही सांगता येत नाही’ हे माझ्या ओठांपर्यंत आलं. पण त्यांनी मला सिस्टर म्हणून विचारलं होतं, आणि माझं सगळं शिक्षण ह्याच एका प्रश्नासाठी झालं होतं. मी चादरीची घडी मांडीवर ठेवली.

“होय,” मी म्हणाले. “तेव्हा ढोलावरून काढलं असतं तर वाचले असते. म्हातारे झाले असते.”

त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडं गेलं, ते मी पुसलं. मग ते म्हणाले, “बरं केलंत. इतकी वर्षं कुणी हे म्हणालंच नाही मला. सगळे म्हणतात, तुम्ही किती केलंत.”

मी मान खाली घातली. मी त्यांना माफ केलं का, हे मला तेव्हाही कळलं नाही. पण त्या दुपारी त्यांचे पाय चेपताना मला राग आला नाही, एवढं आठवतं. त्यानंतर नऊ दिवसांनी ते गेले, सकाळी, मुलीचा हात हातात असताना.

माय म्हणाली, मला जायचंय. पंचाहत्तरी ओलांडलेली, गुडघे धरलेले. आम्ही एस.टी.नं हिंगोलीला गेलो. घर माणसांनी भरलेलं होतं. माय कुणाकडं न बघता सरळ आत गेली आणि शेठाणींशेजारी खाली बसली.

“तुमचं मान्सू माझ्या घरी चारदा आलं,” ती म्हणाली. “मी आजच आले.”

शेठाणींनी तिच्याकडं बघितलं. “ते सांगायचे तुमच्याविषयी.”

“शेवटी लई तकलीफ झाली का?”

“झाली.”

“माझ्या मान्सालाबी झाली.”

लोक येत होते, जात होते. तासाभरानं माय उठायला लागली तेव्हा शेठाणींनीच तिला हात दिला. परतीच्या एस.टी.त माय खिडकीबाहेर बघत होती. कुरुंदा यायच्या आधी म्हणाली, “बाई एकटी पडंल आता. जात जा तिच्याकडं.”

मी जात राहिले. पहिले काही महिने शेठाणी फक्त ऐकून घ्यायच्या. दवाखान्यात आज कोण आलं, कुणाला नांदेडला पाठवलं, असं मी सांगायचे. एका रविवारी त्या म्हणाल्या, “मी येऊन तिथं काय करू शकेन?” मी म्हणाले, केसपेपर लिहायला माणूस कमी आहे.

आता त्या दर मंगळवारी येतात. खिडकीपाशी टेबल आहे, तिथं बसून प्रत्येकाचं नाव, गाव, वय आणि काय काम करतो ते लिहून घेतात. काम काय, हा रकाना शेठांनी पहिल्या दिवसापासून ठेवला होता. पहिल्याच मंगळवारी एका म्हाताऱ्या बाईनं त्यांना विचारलं, “बाई, तुमी कोण?”

“मी इथं लिहायला असते,” शेठाणी म्हणाल्या. “सांगा, खोकला कधीपासून आहे?”